फुलोऱ्यातले गवत आणि दिवाळीनंतरचे गवत
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : वैरण आणि कुरण

पाऊस परतीला लागला की वैरणीचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी निरनिराळ्या भागांतून आलेले आठ प्रश्न घेतले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण त्यांत कृती अर्धवट सांगितली तर जनावराच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न : माळावरचे आठ एकर गवत आम्ही राखतो. दिवाळी झाली की कापतो. तोवर ते उभ्यानेच वाळलेले असते, भिजायची भीती नसते. गंज मोठी लागते, पण माघापासून गाई गवत पुढ्यात तुडवतात, निम्मे उष्टे टाकतात. पेंड वाढवली तरी दूध टिकत नाही. गवतात काय कमी आहे? (ता. माण, जि. सातारा)

तुमची कापणी महिनाभर उशिरा होते आहे. पवना, मारवेल, डोंगरी ही आपल्या माळावरची चांगली गवते भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येतात. त्या वेळी त्यांच्या कोरड्या वजनात ६ ते ८ टक्के प्रथिने असतात. बी झडून काडी पिवळी पडली की हाच आकडा २ ते ४ टक्क्यांवर येतो आणि काडीत काष्ठद्रव्य भरते. गाईच्या कोटीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, सूक्ष्मजीवांना नीट काम करायला चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली गेले की चारा पोटात पडून राहतो, पोट रिकामे होत नाही आणि गाय पुढचा घास घेत नाही. म्हणजे गाय नखरे करत नाही, तिचे पोट जुन्या काडीनेच भरलेले असते. पेंड वाढवून तुम्ही गवतातली हीच तूट पैसे मोजून भरता आहात.

फुलोऱ्याच्या वेळी परतीचा पाऊस असतो, म्हणून सगळे दिवाळीची वाट पाहतात. ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. आठही एकर एका दमात कापू नका. एक-दीड एकराचे तुकडे पाडा. हवामान विभागाचा जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ अॅपवर मराठीत मिळतो. त्यात सलग तीन-चार दिवस उघडीप दिसली की एक तुकडा पाडायचा. एक तुकडा भिजला तरी बाकीचे उभे असतात.

कापणीची खूण अशी : एक तृतीयांश ते निम्म्या काड्यांवर तुरे दिसले की विळा लावा. सकाळी दव उडाल्यावर सुरुवात करा. जमिनीपासून एक मूठ उंचीवर कापा. अगदी मुळालगत कापले तर पुढच्या वर्षीचा फुटवा ज्या बुंध्यातून यायचा तोच जातो, शिवाय वैरणीत माती येते. कापलेले गवत तिथेच पातळ पसरा, दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी त्याचे गुडघाभर उंचीचे सैल ढीग करा, म्हणजे रात्रीचे दव फक्त वरच्या थराला लागते. दुसऱ्या दिवशी दव गेले की पुन्हा पसरा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन ते चार दिवसांत गवत तयार होते. त्यापुढे शेतात ठेवू नका, ऊन हिरवेपणा आणि त्यातले कॅरोटीन खाऊन टाकते. चांगल्या वाळलेल्या गवताला फिकट हिरवी झाक असते आणि गोडसर वास येतो.

पाऊस आलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच दिवशी कापलेले ओले गवत भिजले तर फारसे बिघडत नाही. घाबरून त्याचा ढीग घालू नका, ढिगात ते तापते. अर्धवट वाळलेले गवत भिजले की मात्र त्यातली साखर धुऊन जाते आणि बुरशी धरते. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताडपत्री हाताशी हवी.

गंज लावण्यापूर्वी ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. २० टक्क्यांच्या वर गंज आतून तापते. यंत्राशिवाय ओल पाहायच्या दोन रीती आहेत. मूठभर गवत दोन्ही हातांनी दोरीसारखे पिळा. ते लवकर तुटले आणि पेरावर नख मारल्यावर ओलसरपणा लागला नाही, तर झाले. दुसरी रीत जास्त भरवशाची आहे. काचेच्या कोरड्या बरणीत बोटभर लांबीचे गवताचे तुकडे निम्म्यापर्यंत भरा, दोन चमचे कोरडे मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटे जोरात हलवा. मीठ सुटे राहिले तर गंज लावा, त्याचे खडे झाले तर आणखी एक ऊन द्या. शंभर किलो हिरव्या गवताचे ३० ते ३५ किलो वाळलेले गवत होते, या हिशेबाने जागेचा अंदाज घ्या.

दरवर्षी एक पट्टा मात्र बी झडेपर्यंत राखा आणि तो पट्टा दर वर्षी बदला. सगळेच गवत फुलोऱ्यात कापत गेलात तर माळावर नवे बी पडणार नाही.

सध्याच्या गंजीचे काय? ती कुट्टी करून द्या, सोबत शेवरी किंवा सुबाभळीचा पाला द्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा, तिच्यातले मायमोसीन हे विषारी द्रव्य जास्त झाले की केस गळतात.

प्रश्न : लसूणघास वाळवला की हातात काड्याच राहतात, पाने शेतात गळून जातात. (ता. जुन्नर, जि. पुणे)

पाने गेली म्हणजे मालच गेला. लसूणघासातल्या प्रथिनांचा बहुतांश वाटा पानांत असतो आणि पाने काडीच्या कितीतरी आधी वाळून ठिसूळ होतात. दुपारच्या उन्हात उलटापालट केली की ती चुरा होऊन झडतात.

दहा झाडांमागे एकाला फूल दिसले की कापा. पहिल्या दिवशी चार-पाच तास शेतात पसरून फक्त मलूल होऊ द्या. संध्याकाळच्या आत उचला आणि बांबूच्या तिकाटण्यांवर सैल टाका किंवा छपराखाली दोरीवर पेंढ्या उलट्या टांगा. पुढचे वाळणे सावलीत, वाऱ्यावर होऊ द्या, त्याला तीन ते पाच दिवस लागतात. उलटायचेच असेल तर पहाटे, दव असताना उलटा, त्या वेळी पान लवचीक असते. वाहतूक दोरीने बांधलेल्या भाऱ्यात करू नका. जुन्या लुगड्यात किंवा ताडपत्रीत गुंडाळून न्या आणि तळाशी उरलेला पानांचा चुरा वासरांना द्या. असा वाळवलेला घास १६ ते १८ टक्के प्रथिनांचा असतो आणि ओल्या घासासारखी पोटफुगीची भीती त्यात जवळजवळ राहत नाही.

प्रश्न : भातझोडणीनंतर पेंढ्याची उडवी रचतो. जानेवारीत मोडली की आत काळ्या-पांढऱ्या बुरशीचे थर निघतात. वाळवून दिला तर चालेल का? (ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी)

चालणार नाही. बुरशी उन्हाने मेली तरी तिने सोडलेले विष चाऱ्यात राहते. अफ्लाटॉक्सिन नावाचे विष दुधात उतरते आणि दूध उकळून ते जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. भातपट्ट्यात बुरशीचा पेंढा खाऊन म्हशींना ‘डेगनाला’ हा आजारही होतो : शेपटीचे टोक आणि कानांच्या कडा काळ्या पडून सुकतात, खुरांजवळ जखमा होतात. असे दिसले तर पेंढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना बोलवा. बुरशीचे थर खतखड्ड्यात टाका. गोठ्यात अंथरूण म्हणूनही वापरू नका, जनावर अंथरूण खातेच.

पुढच्या हंगामात तीन गोष्टी बदला. झोडलेला पेंढा लगेच रचू नका. कोकणात दव जड पडते, म्हणून पेंढ्या उभ्या करून दोन-तीन उन्हे दाखवा आणि मिठाची परीक्षा घ्या. उडवीखाली दगडांवर बांबूचा फूट-दीड फुटाचा माच करा, म्हणजे खालून वारा खेळेल. एका मोठ्या उडवीऐवजी दोन-तीन अरुंद रचा. वर प्लास्टिक टाकायचे तर पेंढ्याला चिकटू देऊ नका, मध्ये काठ्या टाकून वीतभर पोकळी ठेवा. चिकटलेल्या प्लास्टिकखाली रात्री पाणी धरते आणि वरचा थर तिथूनच कुजतो.

पहिले तीन आठवडे अधूनमधून उडवीच्या पोटात लोखंडी पहार खुपसा. पंधरा मिनिटांनी ती बाहेर काढा. हाताला धरवत नसेल इतकी तापली असेल तर उडवी त्याच दिवशी मोडून पसरा. अशी तापलेली गंज आपोआप पेटते. विजेच्या तारांखाली आणि गोठ्याला लागून उडवी कधीही नको.

प्रश्न : आमच्याकडे तणसाला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, युरिया लावतात असे शिबिरात ऐकले. प्रमाण कोणी सांगत नाही, आणि युरियाने जनावर मरते असेही म्हणतात. (ता. साकोली, जि. भंडारा)

दोन्ही खरे आहे. नीट मुरवलेले तणस सुरक्षित आहे, कच्चा युरिया विष आहे. म्हणून प्रमाण तोलून घ्या, ओंजळीने कधीच नको.

शंभर किलो कोरड्या, स्वच्छ तणसाला ४ किलो युरिया आणि ४० ते ५० लिटर पाणी लागते. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, तळाशी एकही खडा राहू देऊ नका. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा. त्यावर तणसाचा वीतभर थर पसरा, झारीने त्याच्या वाट्याचे पाणी सारखे शिंपडा, पायाने घट्ट तुडवा. मग पुढचा थर. थर किती होणार ते आधी ठरवून पाण्याचे तितके भाग करा. नाहीतर खालचे थर चिंब होतात आणि वरच्यांना काहीच उरत नाही. सगळे झाले की वरून प्लास्टिक घालून कडा मातीने दाबा. आत हवा जाता कामा नये. २१ दिवस उघडू नका. थंडीत चार आठवडे ठेवा.

या काळात युरियाचा अमोनिया होतो. तो तणसाच्या काड्या मऊ करतो आणि त्यात नायट्रोजन धरून ठेवतो. मूळ तणसात ३ ते ४ टक्के असलेली प्रथिने ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात आणि जनावर जास्त खाते. तयार तणस तपकिरी-सोनेरी दिसते, मऊ लागते आणि नाकाला झोंबणारा वास येतो. वास आलाच नाही तर कुठेतरी प्लास्टिक फाटले आहे किंवा पाणी कमी पडले आहे. पाणी कमी पडले की युरिया तसाच राहतो, आणि धोका तिथेच असतो. पांढरे कण दिसले तर ते तणस देऊ नका. पाणी फार झाले तर बुरशी येते.

रोज लागेल तेवढेच एका बाजूने काढा, तासभर पसरून वास उडू द्या, मग पुढ्यात घाला. पहिल्या दिवशी एकूण वैरणीच्या चौथाईपासून सुरू करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवा. सोबत प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना आणि घोडा, गाढव, डुक्कर यांना हे तणस अजिबात देऊ नका. युरियाची गोणी आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्याबाहेर, कुलपात. जनावर थरथरू लागले, तोंडाला फेस आला, पोट फुगले तर डॉक्टरांना लगेच बोलवा. ते येईपर्यंत शुद्धीवर असलेल्या जनावराला थंड पाण्यात खाण्याचा व्हिनेगर मिसळून सावकाश पाजा.

युरिया आणि गुळाचे पाणी चाऱ्यावर शिंपडून लगेच खाऊ घालण्याच्या कृती गावोगाव फिरतात. पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : कोवळी ज्वारी खाऊन शेजाऱ्याची गाय दगावली. ती ज्वारी कापून वाळवली तर चालते का? (ता. मंगळवेढा, जि. सोलापूर)

याला किराळ लागणे म्हणतात. कोवळ्या, पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या किंवा कापल्यानंतर नव्याने फुटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, तयार होते. निम्मी ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर शेतात सोडू नका. पूर्ण वाळवल्यावर किंवा मुरघास करून मुरल्यावर हे विष बरेच उडून जाते, नुसत्या मलूल ज्वारीवर मात्र विसंबू नका.

पण एक सावधगिरी : युरिया भरपूर टाकलेल्या आणि मग ताण बसलेल्या पिकात नायट्रेटही साठते आणि ते वाळवून कमी होत नाही. दोन्ही विषबाधांत जनावर धापा टाकते. सायनाइडमध्ये रक्त लालभडक दिसते, नायट्रेटमध्ये चॉकलेटी. औषधेही वेगवेगळी आहेत, म्हणून घरगुती उपचारात वेळ घालवू नका आणि जनावराने काय खाल्ले ते डॉक्टरांना नेमके सांगा.

प्रश्न : गावाचे ५० एकर गायरान आहे. गुरे दीडशेच्या आसपास, शेळ्या-मेंढ्या त्याहून जास्त. गवत उरलेच नाही, कुसळी आणि टाकळा माजला आहे. ग्रामपंचायतीने काय करावे? (ग्रामपंचायत सदस्य, ता. आष्टी, जि. बीड)

सुरुवात मोजणीपासून करा, कारण ग्रामसभेत आकड्याशी कोणी भांडत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट घेऊन गायरानात दहा ठिकाणी टाका. चांगली जागा निवडू नका, ठरावीक पावले चालून पडेल तिथे टाका. चौकटीतले खाण्याजोगे गवत कापून पूर्ण वाळवा, तोला, सरासरी काढा. जेवढे ग्रॅम येतील त्याला दहाने गुणले की हेक्टरी किलो मिळतात. समजा १२० ग्रॅम आले, तर हेक्टरी १,२०० किलो. ५० एकर म्हणजे २० हेक्टर, म्हणजे २४,००० किलो. यातले निम्मे बुंध्यासाठी आणि जमिनीसाठी सोडावेच लागते. उरले १२,००० किलो. तीनशे किलोची गाय दिवसाला साडेसात किलो कोरडा चारा खाते, सहा महिन्यांत १,३५० किलो. म्हणजे हे गायरान सहा महिने फक्त नऊ गाई पोसू शकते. दीडशे गुरे त्यावर चरत नाहीत, ती फक्त फिरून येतात. हा हिशेब फळ्यावर मांडा.

मग चराईचा काळ बदला. सर्वांत मोठे नुकसान मृगाच्या पहिल्या पावसानंतर होते. तेव्हाचा कोंब मुळातल्या साठ्यावर वाढत असतो. तो खुडला गेला की मूळ रिकामे होते, आणि असे दोन-तीन वर्षे झाले की पवना-मारवेलचे ठोंब मरतात. त्यांच्या जागी कुसळी येते, तीही गेली की टाकळा आणि गाजरगवत. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवतांच्या अभ्यासकांनी १९७३ मध्ये देशातल्या गवतांचे पाच मोठे पट्टे मांडले, त्यात दख्खनचा हा भाग पवना-मारवेलच्या पट्ट्यात येतो. तुमच्या मातीची मूळ गवते तीच आहेत. काटेरी कुंपणाच्या आत, स्मशानाच्या किंवा देवस्थानच्या आवारात पाहा, अजून सापडतील.

गायरानाचे चार भाग करा. सर्वांत उजाड भाग पहिले वर्षभर पूर्ण बंद. दुसऱ्या भागात चराई नाही, फक्त फुलोऱ्यात कापून नेणे. कापणीत तुडवणी नसल्यामुळे त्याच जागेतून जास्त वैरण हाती लागते. तिसरा आणि चौथा भाग गवत वीतभर उंच झाल्यावर आळीपाळीने उघडा, पंधरा दिवस एक, पंधरा दिवस दुसरा. दरवर्षी भागांची पाळी फिरवा. बंद करण्याआधी मेंढपाळांशी बोला. त्यांच्या वाटा आणि पाणवठे मोकळे ठेवले आणि शेतात मेंढ्या बसवण्याचे ठरले तर ते राखणीत सोबत येतात. त्यांना न विचारता केलेली बंदी पहिल्याच पावसाळ्यात मोडते.

बंद भागात पेरणी करायची तर मारवेल आणि पवना यांचे हेक्टरी ५ किलो बी पुरते. बी गेल्या वर्षीचे घ्या, ताजे बी काही महिने झोपेत असते. ते हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून त्याच्या गोळ्या करा : एक भाग बी, एक भाग शेणखत, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू. हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवा आणि पावसाच्या तोंडावर टाका. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर उगवत नाही. हाताशी चांगले ठोंब असतील तर दोन-तीन फुटव्यांचे तुकडे ५० सेंटिमीटर अंतरावर लावणे जास्त खात्रीचे. हेक्टरी ४० हजार ठोंब लागतात, म्हणून पहिल्या वर्षी अर्धा एकर, ८ हजार ठोंब, एवढेच हाती घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल-०६-४०’ हा वाण कृषी विज्ञान केंद्रामार्फत मागवता येईल.

गवताच्या दोन ओळींनंतर एक ओळ स्टायलोची घाला. ते द्विदल आहे, वैरणीतली प्रथिने वाढवते. त्याचे बी कठीण कवचाचे असते, म्हणून ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाका. थर्मामीटर वापरा, उकळत्या पाण्यात बी मरते.

टाकळा आणि गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा, हातमोजे घालून. कुसळी कुसळे धरण्याआधी कापली तर तीही जनावर खाते. नंतर तिची कुसळे तोंडात आणि मेंढ्यांच्या कातडीत घुसतात.

एक आग्रहाची विनंती. जिथे पवना-मारवेल अजून जिवंत आहे तिथे जेसीबीने खोल चर खणू नका आणि वृक्षलागवडीचे खड्डेही घेऊ नका. आपल्या माळाची माती वीत-दोन वीत असते. वर आलेला मुरूम ठोंब गाडून टाकतो आणि झाडांच्या दाट सावलीत ही गवते टिकत नाहीत. माळरानाला सरकारी कागदात पडीक लिहिले म्हणून ते पडीक होत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी, लांडगा, मेंढपाळ आणि गावची गुरे ही सगळी याच गवतावर जगत आली आहेत.

प्रश्न : मी पशुसखी आहे, म्हणजे गावात पशुपालनाचे मार्गदर्शन करते. चारा प्रक्रियेवर गावात तीन बैठका घेतल्या, पत्रके वाटली. सगळ्या जणी मान डोलावतात, करत कोणीच नाही. (ता. अकोले, जि. अहिल्यानगर)

ताई, बैठकीत सांगितलेले पटते, पण स्वतःच्या गाईने केलेला निवाडाच मनात राहतो. तेव्हा पुढची बैठक गोठ्यात घ्या आणि एकच गोष्ट दाखवा : कापणीची तारीख. तिला खर्च लागत नाही.

गावातली अगदी साधी गुरे असलेले घर निवडा. प्रगतिशील शेतकऱ्याच्या गोठ्यातले यश बघून बाकीचे म्हणतात, त्यांना जमते. एकाच बांधावरचे दोन-दोन गुंठ्यांचे दोन सारखे तुकडे आखा. एक फुलोऱ्यात कापा, दुसरा गावाच्या रिवाजाप्रमाणे दिवाळीनंतर. दोन्हींचे गवत वेगळे, चिठ्ठी लावून ठेवा. जानेवारीत एकाच गाईला आधी एक गवत बारा दिवस द्या, मग दुसरे बारा दिवस. पेंड तेवढीच ठेवा. पहिले पाच दिवस पोट बदल स्वीकारते, ते सोडून उरलेल्या सात दिवसांत रोज घातलेले गवत, सकाळचे उष्टे आणि दूध तोलून वहीत लिहा. दोन वेगळ्या गाईंची तुलना करू नका, त्यात वेताचा फरक मिसळतो. दोन गाई मिळाल्या तर एकीला उलट्या क्रमाने द्या, म्हणजे वेत पुढे गेल्याने घटलेले दूध गवताच्या माथी लागणार नाही. दोन गुंठ्यांतले गवत कमी पडेल असे वाटले तर तुकडे आधीच मोठे आखा : दिवसाला सात-आठ किलो वाळलेल्या गवताच्या हिशेबाने एका गाईला प्रत्येक प्रकारचे सुमारे शंभर किलो लागेल.

शेवटच्या दिवशी शेजारणींना बोलवा आणि दोन्ही उष्टे टोपलीत भरून समोर ठेवा. ती दोन वजने तुमच्या पत्रकापेक्षा जास्त बोलतील.

दोन्ही गंजींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवता आले तर उत्तम. गंजीच्या वरच्या थरातून मूठभर उचलणे म्हणजे नमुना नव्हे. पंधरा-वीस ठिकाणांहून, हात खोल घालून थोडे थोडे काढा, कापून मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तसेच करा, अर्धा किलो उरेल तेवढे कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. प्रथिने आणि तंतू तपासायला सांगा. नमुना कुठे घेतात ते कृषी विज्ञान केंद्रातल्या पशुविज्ञान विषयतज्ज्ञांना किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, आणि उष्टे तोलण्याच्या दिवशी त्यांनाही बोलवा.

आणखी एक. बैठकीला कोण येते ते पाहा. डेअरीचे पुस्तक ज्याच्या नावावर असते तो येतो, गवत कापते ती बाई शेतात असते. विळा कोणत्या दिवशी लागणार हे तिच्या मजुरीच्या दिवसांवर ठरते, आणि आश्विनात सोयाबीनची काढणी तिला जास्त रोज देते. म्हणून बचत गटात पाच-सहा जणींची सावड बसवा : आज हिचा तुकडा, परवा तिचा. एकटीला चार दिवसांची उघडीप पुरत नाही, सहा जणींना एक सकाळ पुरते.

प्रश्न : डोंगरावरचे जुने गवत होळीच्या आधी जाळले की नवे जोमाने येते, असे आमचे वडीलधारे सांगतात. (ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर)

जोम दिसतो, कारण जुनी काडी नाहीशी झाल्याने कोवळा कोंब काळ्या जमिनीवर उठून दिसतो. तो कोंब मुळातल्या साठ्यावर येतो, राखेवर नाही. आगीत नायट्रोजन आणि गंधक धुरावाटे जातात, वर पडलेले बी जळते, आणि उताराची उघडी माती वळवाच्या पहिल्या सरीत वाहते. आग सोसणारी कुसळी दरवर्षी वाढते, चांगली गवते मागे पडतात.

जुनी काडी नको असेल तर ती डिसेंबरात कापून गोठ्यात अंथरा किंवा खतात घाला. शेजारच्या डोंगरावरून वणवा येत असेल तर डिसेंबरअखेर हद्दीवर किमान तीन मीटर रुंदीचा पट्टा मुळापर्यंत खरडून जाळरेषा काढा, खालून आग चढून येऊ शकते त्या बाजूला ती दुप्पट रुंद ठेवा. कापलेले गवत त्या पट्ट्यात पडू देऊ नका आणि फेब्रुवारीत पानगळ झाल्यावर एकदा पुन्हा झाडून घ्या.